नवी भिडू

दर पंधरवड्याला आम्ही सातआठ जण कुणाच्या तरी घरी जमतो आणि पत्ते कुटतो. सगळी कॉलेजपासूनची मंडळी. तीनेक वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीच्या आदल्या रात्री आमच्यातल्या एकाचा फोन आला. "उद्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला घेऊन येतोय." आण की, म्हटलं. पण फोन ठेवायचं सोडून तो घुटमळत राहिला. "एक सांगायचं होतं. ती, म्हणजे, ट्रान्सजेंडर आहे. आधी सांगितलेलं बरं, नाही का?"

तेव्हा मला ते बरंच वाटलं, समंजसपणाचंही वाटलं. असेच फोन त्याने बाकी सगळ्यांना केले होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती दारातून आत आली तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला तिच्याबद्दल नेमकी एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती तिने सांगितलेली नव्हती. ती काम काय करते, कशावर हसते, पत्ते कसे खेळते, यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. एरवी कुणी आलं तर आम्ही हातातल्या पानांवरून मानही वर करत नाही. त्या दिवशी मात्र सगळेच्या सगळे उठून उभे राहिलो. कुणी खुर्ची पुढे केली, कुणी पंखा वाढवला. एखाद्या कार्यक्रमाच्या पाहुण्या याव्यात तसं.

त्या उठून उभं राहण्यात काय चुकलं हे कळायला मला बरेच महिने लागले.

ट्रान्सजेंडर माणसांविषयी बोलणं निघालं की जगाची दोन गटांत वाटणी करायची आपल्याला सवय आहे: स्वीकारणारे आणि नाकारणारे. मित्रमंडळात असं सरळ काही नसतं. तोंडावर नाकारणारा एखादाच. बाकीचे बहुतेक मधल्या पट्ट्यात राहतात. सौजन्याने वागतात, बेताने अंतर राखतात, आणि त्या अंतरालाच स्वीकार म्हणतात. उघड द्वेष करणाऱ्यांवर पुष्कळ लिहिलं जातं. मला बोलायचंय ते या सभ्य पट्ट्याबद्दल, कारण मी स्वतः त्यात बराच काळ मुक्काम केला आहे.

आधी एक फरक करू. वर्षानुवर्षं ओळखीच्या मित्राने एक दिवस सांगितलं, की मी पुरुष नाही, स्त्री आहे, तर जवळच्यांची तारांबळ उडते आणि ती समजण्यासारखी असते. जुनं नाव जिभेवर बसलेलं असतं, जुने फोटो असतात, आठवणींतल्या प्रत्येक वाक्याला जुनं क्रियापद चिकटलेलं असतं. हे सगळं उलगडून पुन्हा विणायचं म्हणजे वेळ जाणारच. पण नव्याने आलेल्या माणसाच्या बाबतीत यातली एकही अडचण नाही. आम्हाला विसरायचं असं काहीच नव्हतं. तिचं जुनं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, आजही नाही. ती आली तीच तिच्या नावाने, तिच्या कपड्यांत, तिच्या आवाजात. मग अडलं कुठे? अडलं त्या आदल्या रात्रीच्या फोनवर. म्हणजे आमच्याच डोक्यात.

इथे मला लिन कॉनवे आठवतात. या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बाईंना १९६८ साली आयबीएम या संगणक कंपनीने नोकरीवरून काढलं, कारण त्या स्त्री म्हणून जगायचं ठरवताहेत हे वरिष्ठांना कळलं. नवं नाव घेऊन त्यांनी कारकीर्द पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू केली. १९७३ साली त्या झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गेल्या, आणि कार्व्हर मीड यांच्याबरोबर त्यांनी चिपची रचना करण्याची अशी पद्धत बसवली की त्या विषयाचं शिक्षणच बदललं. पुढे त्या मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. या जवळजवळ तीस वर्षांत त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना त्यांचं पूर्वायुष्य माहीत नव्हतं. १९९९ च्या सुमारास त्यांनी ते आपणहून सांगितलं. आयबीएमने माफी मागितली ती २०२० साली, तब्बल ५२ वर्षांनी.

मला यात कुतूहल आहे ते त्या मधल्या तीस वर्षांचं. सहकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं, वाद घातले, कौतुक केलं, आणि 'स्वीकारायचं' म्हणून कुणालाही वेगळं काही करावं लागलं नाही. त्यांच्यात कुणाला काही खटकलं नाही, कारण खटकण्यासारखं काही नव्हतंच. अर्थात लपून जगणं हा काही उपाय नाही. कुणीतरी कधीतरी ओळखेल या धास्तीची किंमत त्यांनी त्याच तीस वर्षांत रोज मोजली असणार. पण एवढं त्यातून दिसतं की अडचण माणसात नसून माहितीला आपण दिलेल्या वजनात असते. आणि वजन कमी करायचं काम ज्याने ते दिलं त्याचं.

तो फोन, माझं आजचं मत विचाराल तर, करायला नको होता. निदान तिला विचारल्याशिवाय तरी नको होता. पुढे कधीतरी हा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "विचारलं असतं तर कदाचित मीच म्हटलं असतं, सांग म्हणून. दारात उभं राहून सगळ्यांचे चेहरे वाचण्यापेक्षा ते सोपं पडतं." फोन करणाऱ्या मित्राचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. त्याला ती अवघडू नये असं वाटत होतं. पण त्याने सांभाळून घेतलं ते आम्हाला, आणि सांभाळण्यासाठी जे वाटून टाकलं ते तिच्या मालकीचं होतं.

आमच्यातला आणखी एक जण, अभ्यासू गडी, मला म्हणाला होता, "माझा विरोध नाही, पण मला आधी हे नीट समजून घ्यायचंय. मग काय ते ठरवीन." त्याने खरोखरच बरंच वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची नवी आवृत्ती २०१९ साली मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे, हे मला पहिल्यांदा त्यानेच सांगितलं. लिंगभाव म्हणजे आपण कोण आहोत याची आतली जाणीव, आणि लैंगिक कल म्हणजे आपल्याला कोण आवडतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तो आम्हाला समजावून सांगायचा. सगळं बरोबर. पण तो तिच्याशेजारी बसत नव्हता.

वाचू नये असं मी म्हणत नाही. मात्र समजून घेणं आधी आणि जवळ करणं नंतर, हा क्रम आपण मैत्रीत एरवी कुठे पाळतो? आमच्यातला एक जण रात्री तीनला उठून गच्चीवर तारे बघतो. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. एकीने उत्तम चाललेली नोकरी सोडून मातीची भांडी करायला घेतली, तेही कळलेलं नाही. दोघांशीही माझं छान चाललंय. माणूस पुरता उमगल्यावरच त्याच्याशी मैत्री करायची म्हटलं तर कुणाचीच कुणाशी होणार नाही. ही अट आपण नेमकी एकाच माणसापुढे ठेवतो, आणि वर तिला अभ्यासूपणा म्हणतो.

या बाबतीत संशोधनही माझ्या बाजूने आहे. वेगळ्या गटातल्या माणसांशी प्रत्यक्ष संबंध आला की पूर्वग्रह कमी होतात, ही मांडणी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये केली. मात्र त्याच्या काही अटी होत्या: दोन्ही बाजूंना बरोबरीचं स्थान हवं, एकत्र मिळून करायचं काहीतरी हवं. २००६ साली थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले, आणि एकंदरीत ते खरं निघालं. दोन वर्षांनी त्यांनी पुढचा प्रश्न घेतला: पूर्वग्रह कमी होतो तो नेमका कशाने? त्या गटाबद्दलची माहिती वाढल्याने, की मनातली धास्ती कमी झाल्याने, की दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता आल्याने? माहितीचा वाटा तिघांत सर्वांत लहान निघाला. धास्ती जाते ती सहवासाने. आमच्या अभ्यासू मित्राने वाचलं त्यातलं निम्मं वाचून उरलेला वेळ तिच्यासमोर बसून चार डाव हरण्यात घालवला असता, तर अधिक लवकर पोचला असता.

आता भाषेकडे येते. मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते इथेच.

इंग्रजीत सर्वनामांवरून एवढा गदारोळ का चालतो, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. खरं तर त्यांचं बरंच सोपं आहे. तिथे समोरच्याला 'यू' म्हटलं की काम भागतं; चूक होऊ शकते ती माणसाच्या पाठीमागे बोलताना. तुर्की आणि फिनिश भाषांत तर तो-ती हा भेदच नाही. मराठीत मात्र लिंग क्रियापदाच्या शेपटीला बांधलेलं असतं. 'तू कधी आलास?' की 'तू कधी आलीस?' चूक इथे थेट तोंडावर होते. स्वतःबद्दल बोलतानाही सुटका नाही: 'मी आलो' की 'मी आले'. जिला आयुष्याची पहिली कितीतरी वर्षं दिवसातून शंभरदा 'मी आलो' म्हणावं लागलं, तिने एक दिवस 'मी आले' म्हणणं म्हणजे काय, याची कल्पना आपल्यापैकी कुणालाच येणार नाही. आपल्याला ते फुकट मिळालं.

ती आमच्यात यायला लागून काही आठवडे झाले होते. माझ्या हळूहळू लक्षात आलं की आमच्यातला एक जण तिच्याशी ठरावीक साच्यातली वाक्यंच बोलतो. "निघायचं का?" "पानं वाटून झाली?" "उद्या जमेल?" "कसं वाटलं?" मग मी कान देऊन ऐकू लागले. मराठीत लिंग झाकून बोलायच्या किती वाटा आहेत, हे मला त्याच्यामुळे कळलं. भविष्यकाळात येईन, येशील, येईल हे सगळ्यांना सारखंच. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून 'तू पान टाकलंस' यात टाकणारा कोण ते कळत नाही. 'तुला आवडलं का' हेही बिनधोक. आणि अगदीच कोंडी झाली तर 'तुम्ही'! "तुम्ही कधी आलात?" हे बाईला आणि बुवाला एकच. आमच्यात एरवी सगळे अरे-तुरे आणि अगं-तुगं. तो तिला एकटीला 'तुम्ही' म्हणायचा. वरून पाहणाऱ्याला वाटेल, काय आदर आहे.

तो दुष्ट नव्हता. 'आलास' म्हणणं चूक हे त्याला पटलेलं होतं, आणि 'आलीस' त्याच्या जिभेवर येत नव्हतं. म्हणून तो व्याकरणाच्या आडरानातून चालला होता. पण तिला हे कळत नसेल? ज्या माणसाने आपलं क्रियापद झगडून मिळवलंय, त्याला समोरच्याच्या वाक्यातलं गाळलेलं क्रियापद ऐकू येतंच.

यात एक पोटभेद आहे, तोही सांगायला हवा. काही माणसं स्वतःला पुरुषही मानत नाहीत आणि स्त्रीही. त्यांना हीच झाकलेली वाक्यं, हाच 'तुम्ही', हेच आदरार्थी 'त्यांनी' हवंसं वाटू शकतं. तेच वाक्य एकासाठी सोय आणि दुसरीसाठी टाळाटाळ. कुठलं कुणासाठी, हे कळायचा मार्ग एकच, तो म्हणजे विचारणं, आणि तो अर्ध्या मिनिटाचा आहे. 'तृतीयपंथी' या शब्दाचंही तसंच. वर्तमानपत्रं तो सरसकट वापरतात, पुष्कळ जण स्वतःसाठी तो अभिमानाने वापरतातही. पण आमची मैत्रीण स्वतःला स्त्री म्हणते. तिसरी नाही, आणि कुठल्या पंथातलीही नाही.

माझीही एकदा चूक झाली. ती आत फोनवर बोलत होती आणि मी बाहेर म्हणाले, "तो आला की डाव सुरू करू." ती दाराशीच होती. मी ओशाळले आणि पुढची पाच मिनिटं माफी मागत बसले. मी तशी नाही, कसं निघालं तोंडातून, मला किती वाईट वाटतंय, वगैरे. शेवटी तिलाच माझी समजूत काढत बसावं लागलं. म्हणजे चूक माझी, आणि ओझं उचलायचं तिने. "ती आली की" एवढं दुरुस्त करून पानं पिसायला घेणं पुरेसं होतं. लांबलचक माफीही बहुतेकदा स्वतःकडेच बघत मागितलेली असते.

आणि नावासारख्या छोट्या गोष्टीने खरंच काही फरक पडतो का? स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १२९ तरुण ट्रान्सजेंडर मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवडलेलं नाव घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांत, अशा चार ठिकाणांपैकी किती ठिकाणी वापरता येतं, एवढंच त्यांनी विचारलं. जितक्या जास्त ठिकाणी ते वापरता येत होतं, तितकं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. अभ्यास छोटा आहे, आणि एकाने दुसरं घडतं हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी त्या चारांतलं एक ठिकाण मित्रांचं होतं, हे मला विसरता येत नाही. घर आणि शाळा आपल्या हातात नसते. पत्त्यांचा डाव असतो.

प्रश्नांबद्दल थोडक्यात. तिसऱ्याच भेटीत आमच्यातल्या एकीने तिला विचारलं, "ऑपरेशन झालं का गं?" अगदी आपुलकीने. अर्जेंटिनाने २०१२ साली कायदा करून वैद्यकीय दाखल्याशिवाय कागदोपत्री लिंग बदलायची मुभा दिली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या त्या व्यक्तीचा मानला, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं. देशाचं न्यायालय ज्याची विचारणा करायला नको म्हणतं, ती विचारणा आमच्यातलीच एक पानं लावता लावता करते. आपल्यापैकी कुणाला तिसऱ्या भेटीत कपड्यांच्या आतलं काही विचारलं गेलंय का, एवढं आठवून पाहिलं तरी पुरे.

आता जिथे माझं मलाच अवघड गेलं ते. पहिल्या वर्षी आम्ही दोन दिवस बाहेरगावी जायचं ठरवलं. दर वेळी पुरुष एका खोलीत, बायका दुसऱ्या. हिशेब मांडताना एक मैत्रीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती आपल्या खोलीत का?" मी हो म्हणाले, पण लगेच म्हणाले नाही. त्या क्षणभराच्या थांबण्यात काय होतं? तिची भीती नव्हती. कुठलाही अनुभव पाठीशी नव्हता. फक्त, कधी न केलेली गोष्ट करायची होती, आणि कपडे बदलणं, झोपणं यांविषयी लहानपणापासून घालून घेतलेल्या कुंपणाला हात लागत होता. ते अवघडलेपण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणेल, बायकांनी आपली सोय का सोडायची? प्रश्न रास्त आहे, आणि खोली कुणाबरोबर वाटून घ्यायची हे प्रत्येक बाईने स्वतः ठरवावं असं मलाही वाटतं. पण मग ते बोलून ठरवायला हवं होतं, सगळ्यांनी, तिच्यासकट. आम्ही कुजबुजलो आणि गप्प बसलो.

तिथे पोचल्यावर कळलं की तिने आधीच स्वतःसाठी वेगळी खोली घेतली होती, जास्तीचे पैसे भरून. "मला झोप लागत नाही लवकर, तुम्हाला त्रास नको," म्हणाली. आम्ही सगळ्यांनी ते कारण मानलं. मानायला किती आतुर होतो आम्ही! तिने आमची कुजबुज ऐकली नव्हती. तिला ऐकायची गरजच नव्हती. अशा प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं, हे तिला पाठ होतं. आमचं अवघडलेपण टळावं म्हणून पैसे तिने भरले, आणि आम्ही ते तिला भरू दिले. रात्री आमच्या खोलीत उशिरापर्यंत गप्पा रंगल्या. ती नव्हती.

पुढच्या वर्षी मी आधीच सगळ्यांसमोर विचारलं, कोण कुणाबरोबर. कुठलीही आकाशवाणी झाली नाही. जी मैत्रीण मला बाजूला घेऊन गेली होती, तीच म्हणाली, "आम्ही चौघी एकत्र. खिडकीजवळची जागा माझी." तिला कशाने पटलं, मी विचारलं नाही. मधल्या वर्षात दोघींनी मिळून बरेच डाव जिंकले होते, एवढं मला माहीत आहे.

माणसाच्या पाठीमागे काय चालतं, हा भाग सगळ्यांत खरा. ती समोर असताना आम्ही सगळे शहाणे होतो. एकदा तिला यायला उशीर झाला तेव्हा एकाने बायकी आवाज काढून दाखवला, दोघे हसले. मीही किंचित हसले, हे लिहायला लाज वाटते. तेव्हा जो बोलला तो आमच्यातला सगळ्यात अबोल. पानांवरून नजर न उचलता म्हणाला, "ती असताना करशील का हे?" बस. भाषण नाही, भांडण नाही. पण ते त्याने म्हणणं महत्त्वाचं होतं. तिने म्हटलं असतं तर ती चिडकी ठरली असती. मी म्हटलं असतं तर मी भोचक.

हे काम ट्रान्सजेंडर माणसानेच केलं पाहिजे असं नाही, याला पुरावा आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी मायामीत केलेला एक प्रयोग २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात ५६ कार्यकर्ते ५०१ मतदारांच्या दारी गेले. काही घरी त्यांनी या विषयावर सुमारे दहा मिनिटं गप्पा मारल्या, बाकी घरी दुसऱ्याच विषयावर. गप्पांत उपदेश नव्हता. तुम्हाला कधी वेगळं असल्याबद्दल कुणी नावं ठेवली होती का, ते आठवून सांगा, असं ते विचारत. तेवढ्याने लोकांची मतं मऊ झाली आणि तीन महिन्यांनंतरही तशीच राहिली. कार्यकर्ता स्वतः ट्रान्सजेंडर असो वा नसो, परिणाम दिसला. थोडक्यात, मित्रांनी मित्रांशी बोलावं. तिला शिक्षिका करू नये. ती पत्ते खेळायला आली आहे.

आमच्यातला एक जण यायचा थांबला. नकला करणारा नव्हे. दुसराच, त्याला मनापासून हे पटत नव्हतं. "पंधरा वर्षांचा ग्रुप तुम्ही एका नव्या माणसासाठी मोडताय," असं तो मला म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला, आजही घालते. त्याला वेळ हवा होता, आणि विचार बदलायला वेळ लागतो हे मला मान्य आहे. पण तोवर वागणं तरी सरळ ठेवायला कसला वेळ लागतो? तिच्याशी बोलायचं नाही, तिने वाटलेली पानं उचलायची नाहीत, आणि ती उठून गेली की ग्रुप वाचला, असा तो हिशेब होता. त्याला कुणी जा म्हटलं नाही. तिने जावं, अशी त्याची अट होती. ती आम्ही मानली नाही. तो नसल्याचं मला वाईट वाटतं. बरोबर निर्णय घेऊनही माणूस गमावता येतो.

दुसऱ्या टोकाची चूकही आम्ही केली, आणि ती ओळखायला सर्वांत उशीर लागला. कितीतरी महिने तिला कुणी ओरडलं नाही. आमच्यात खेळताना तोंडाला लगाम नसतो. चुकीचं पान टाकलं तर भिडू सात पिढ्यांचा उद्धार करतो. तिने हुकूम वाया घालवला तरी "होतं असं", "छान खेळलीस". लहान मुलाला जिंकू द्यावं तसं. पाहुण्यांचं कौतुक होतं, भिडूचं होत नाही.

मग एका रात्री ती त्या 'तुम्ही'वाल्याची भिडू होती. शेवटचा डाव, दोन हात हवे होते, आणि तिने इस्पिकची राणी भलत्याच वेळी फेकली. "अगं ए बाई!" तो ओरडला. "डोळे आहेत का भोकं? एक्का अजून आला नाही, कळत नाही तुला?" क्षणभर सगळे थिजले. त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं काय निघालं ते, कारण त्याचे कान लाल झाले. ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली, की एक्का मघाशी त्यानेच मारलाय आणि मोजता येत नसेल तर खेळायला बसू नये. पानं उलटी करून पाहिली. एक्का पडलेला होता. ते दोघं त्यानंतर वीस मिनिटं भांडले, आणि परत जाताना तो तिला "पोचलीस की फोन कर" म्हणाला.

गेल्या महिन्यात तिचा मला फोन आला. पुढच्या बैठकीला ती कुणालातरी घेऊन येणार होती, तिच्या ओळखीचा एक जण.

"आण की," म्हटलं.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली आणि थांबली. मीही श्वास रोखून थांबले. "त्याला विचारलंय मी, सांगू का म्हणून. हो म्हणालाय."

"सांग."

"तो फार रडीचा डाव खेळतो. त्याला माझा भिडू करायचा नाही."